दादाने शेडमध्ये चिकटवलेला रिपोर्ट

मी घाबरलोय. श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये असं लिहीत नाहीत, माहीत आहे.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. माझा मोठा भाऊ, सुभाष.

फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात पांढरी विलायती डुकरं पाळणारा पहिला माणूस. लोक नाकाला रुमाल लावून यायचे आणि पिल्लांचे फोटो काढून जायचे.

दादाचा एकच नियम होता. दर रविवारी पिल्लांचं वजन. जे सगळ्यात भराभर वाढेल ते पैदाशीला ठेवायचं, बाकीची विकायची.

काही पिढ्यांत डुकरं अशी झाली की जुना वजनकाटा बदलावा लागला.

गुरांच्या डॉक्टरांनी एकदा हौसेने काहींचं रक्त तपासलं. परत आले ते विचारातच.

"ज्यायची वाढ जास्त, त्यायचं कोलेस्टेरॉलही जास्त निघालं. बारक्यायचं कमी. एकामुळे दुसरं होते का, ते मले नाही सांगता येत. पण तू वजन पाहून निवडत गेला, अन् हेही संगं आलं."

दादाने हवं तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून शेडमधल्या खणांच्या पाट्यांवर वजनाखाली कोलेस्टेरॉलचा आकडाही खडूने लिहू लागला. मोठा आकडा म्हणजे भारी जनावर.

मग गावात तपासणी शिबिर झालं. दादाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

मी राहतो तिथून, पांढरकवड्याहून, फोन केला. "दादा, डॉक्टरले दाखवलं का?"

"कायले? आपला वाणच भारी हाय, म्हणून आकडा मोठा हाय."

आणि खरंच, तो रिपोर्ट त्याने सगळ्यात मोठ्या नराच्या पाटीशेजारी चिकटवला. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला.

मी हसणारा इमोजी टाकला. अजून आहे तो तिथे. मला डिलीट करवत नाही.

दोन महिन्यांनी, रविवारीच, पिल्लू काट्यावर ठेवता ठेवता दादा खाली बसला. परत उठला नाही. वय त्रेचाळीस.

आमचे वडीलही असेच गेले होते, शेतात, उभ्या उभ्या. तेव्हा सगळे म्हणाले ऊन लागलं. आम्हीही तेच धरून बसलो.

गेल्या आठवड्यात माझा रिपोर्ट आला. आकडा दादाच्या आसपास. गोळ्या सुरू केल्यात. माझं मी बघेन.

पण दादाची पायल तेरा वर्षांची आहे. वर्षभरात उंचीने वहिनीच्या डोक्यावर गेली. सगळे कौतुक करतात.

काल याडी, म्हणजे आमची आई, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "डिट्टो सुभाष. बापाचा वाण उतरला पोरीत."



मला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे रक्तातून उतरतं, घरातल्या सगळ्यांचं तपासून घ्या, लेकरांचंही. म्हणून आज दादाच्या फोटोला हार घालून पायलला लॅबमध्ये घेऊन गेलो.

सुईला ती घाबरली नाही. कापूस दाबून धरत तिने मला विचारलं,

"काका, माहा आकडा पप्पासारखा मोठा येईन ना?"

शेडमध्येच वाढलेली पोर. दुसरं काय विचारणार?

"नाही बेटा. या टायमाले लहान पाहिजे."

"काहून?"

मी लॅबची पावती खिशात घातली. रिपोर्ट उद्या मिळेल.

दादा, येताना शेडमध्ये जाऊन तुझा कागद काढला. फाईलमध्ये ठेवलाय, डॉक्टरांना लागेल. पाट्याही पुसल्या.

तुझ्या पोरीत तुझं हसणं येऊ दे, तुझी उंची येऊ दे. तेवढा एक आकडा तुझ्याजवळच ठेव.

येतो, दादा.