न थांबणारी एसटी

"ही आमच्या मावशींची मुलगी. आई सातवीत शाळा सोडलेली, इथं झाडू मारते. पण बघा, हिच्याकडूनसुद्धा आम्ही प्रोग्राम करून घेतला."

कॉम्प्युटर क्लासचे सर असं बोलले आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी. मीही हसले. हात मोकळे असते तर जोडलेही असते.

पडद्यावर चित्रातली भोर-हिर्डोशी एसटी धावत होती. थांब्याथांब्यावर थांबत होती, हॉर्न देत होती. माझ्या पोरीनं फक्त एक बटण दाबलं होतं. पाहुण्यांतल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "कसं केलंस गं हे?" पोरीनं सरांकडं बघितलं. मग खाली बघितलं.

कारण ती गाडी तिची नव्हतीच. तिची गाडी थांबायचीच नाही. भोरहून सुटली की हिर्डोशी ओलांडून थेट पडद्याबाहेर. रोज क्लास सुटला, मी फरशी पुसायला घेतली, की पोर कॉम्प्युटरसमोर बसायची. एक ओळ काढायची, दुसरी घालायची. कधी गाडी उलटीच पळायची. आम्ही मायलेकी हसून हसून बेजार. तिची हिर्डोशीची मैत्रीण एकदा म्हणाली, "आमच्याकडं खरी तरी कुठं थांबतीया! बराबर हाय तुजं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांनी ती गाडी पुसली. स्वतःची टाकली. "वेळ नाही बाळा. तू फक्त बटण दाब."

पाहुणे गेल्यावर मोरीत कप विसळताना पोरीनं विचारलं, "आई, तू का हसलीस?"

काय सांगू? मी जालन्याकडची. इथं माझं कुणी नाही. सरांनी काम दिलं, राहायला खोली दिली, पोरीला फुकट शिकवलं. उपकार आहेत. आजही म्हणते, आहेत.

पण मला माझी शाळा आठवली. तपासणीला साहेब येणार असले की गुरुजी फळ्यावर उत्तरं लिहायचे. आम्ही उतरवायचो. सगळं बरोबर. साहेब खूश, गुरुजी खूश. सातवीत उघडं पडलं, मला साधा भागाकार येत नव्हता. सगळे म्हणाले, हिच्या डोक्यात शिरत नाही. मीही तेच धरून चालले इतकी वर्षं. मला कुणी चुकूच दिलं नव्हतं, हे त्या मोरीपाशी बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी सर मोबाईल घेऊन आले. क्लासची जाहिरात करायची होती. "मावशी, तिला चांगला ड्रेस घाला."

मी म्हणाले, "सर, तिची ती न थांबणारी गाडी तिला परत करू द्या, तीच दाखवा. नाहीतर तिला नका घेऊ."

सर हसले. "बिघडलेलं बघून ॲडमिशन कोण घेणार? आणि मावशी, खोली कुणाची आहे?"

तरी मी पोरीला जाहिरातीत उभं केलं नाही. सरांनी सांगितलंय, महिनाअखेर खोली सोडायची. विचारते, फिरते, एकट्या बाईला भोरात कुणी जागा देत नाही.

पोरीनं माझ्या तडकलेल्या मोबाईलवर गाडी पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली आहे. अजून थांबत नाही.

जागा मिळो न मिळो. कुणी तयार गाडी पुढं ठेवून तिला बटण दाब म्हणालं, तर मी तिचा हात मागं ओढीन. सगळ्यांसमोर. आणि हसणार नाही.