शिदोरी घेऊ का, सायेब?

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. बेचाळीसची चळवळ पेटलेली होती, मी नवा फौजदार होतो आणि माझ्या हद्दीत कुणीतरी तारा तोडल्या होत्या. वरून रोज एकच विचारणा, आरोपी कुठे?

खबऱ्यानं बातमी आणली की शिरपूर आणि केनवडच्या पोरांनी मिळून हे काम केलंय. दोन्ही गावांनी चळवळीसाठी आपापल्या समित्या नेमल्या होत्या. मी संशयावरून शिरपूरचा एक तरुण उचलला, पण पुराव्याच्या नावानं बोंब होती. मग खात्यातली जुनी युक्ती काढली. एका गावाला सांगायचं, दुसऱ्यानं तुमची नावं दिली. संतापलेला माणूस भडाभडा बोलतो.

"केनवडवाल्यांनी तुझं नाव घेतलंय," मी कोठडीत त्या तरुणाला म्हणालो.

"कोन्या लेकीनं सांगतलं?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, पोराला ताप चढला. शिरपूरला जाऊन समितीच्या म्हाताऱ्या प्रमुखालाही तेच सांगितलं. तो सुपारी कातरत होता. "कोन्या लेकीनं सांगतलं, सायेब?" मी ओट्यावर छडी आपटली. त्यानं सुपारी पुढे केली.

शेवटी आमच्या हवालदारानं उलगडा केला. तो त्या भागातला जावई होता. अफवांपायी गावं एकमेकांवर उठू नयेत म्हणून समित्यांनी ठरवलं होतं, की शेजारच्या गावाची बातमी तिथे दिलेल्या लेकीनं माहेरी येऊन सांगितली तरच खरी धरायची.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"तुमी इचारलं कुठी, सायेब?"

आता मला लेक हवी होती, आणि त्या तरुणाची सख्खी बहीणच केनवडला दिलेली निघाली. मी तिच्या दारात उभा राहून म्हणालो, "माहेरी चल. केनवडनं नावं दिली असं सांग. भाऊ सुटेल. नाहीतर तो तुरुंगात सडेल."

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "शिदोरी घेऊ का, सायेब?"

"नको. दमणीत बैस." बैल केव्हाचे जुंपलेले होते.

उंबऱ्यावर ती पुन्हा थांबली. "माहेरी जायचं हाय. दोनच भाकरी बांधतो."

"अगं, तुझ्या माहेरी भाकरी मिळत नाही का?" मी खेकसलो. ती दमणीत बसली.

शिरपूरला समिती जमली. तिनं मी पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं. आता भडका उडेल म्हणून मी एकेकाचा चेहरा पाहत होतो. पण तिच्या चेहऱ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे तिच्या हातांकडे पाहत होते.

"रिकाम्या हातानं आली, माय?" तिच्या आईनं हळूच विचारलं.

"हो."

"बरं," म्हातारा म्हणाला. "सायेबाले चहा ठेवा."

माझा तपास तिथेच संपला. सासरची शिदोरी न घेता त्या गावांतली लेक माहेरी येतच नाही. तशी आली, म्हणजे तिला कुणीतरी आणलंय. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त फौजदाराला नव्हतं. कोठडीची मुदत संपली आणि तरुणाला सोडावं लागलं.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी कुणाची जबानी घेण्याआधी त्याच्या गावच्या रीतीभाती विचारून घेत गेलो. हाताखालचे हसायचे. हसोत.

निवृत्तीनंतर एकदा केनवडला एसटीतून उतरलो, तर त्या तरुणाच्या बहिणीनंच मला ओळखलं. घरी नेऊन जेवू घातलं. मनात वर्षानुवर्षं अडकलेलं मी विचारून टाकलं. "त्या दिवशी मी शिदोरी घे म्हणालो असतो तर?"

"तं भाऊ सुटला असता, अन् दोन्ही गावाईत मले तोंड दाखवाले जागा राह्यली नसती," ती म्हणाली. "माह्यानं ठरवणं होत नव्हतं म्हणून तुमाले इचारलं, अन् तुमच्या तोंडून ‘नको’च यावं म्हणून देवाले हात जोडत होतो."

निघताना तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी पुढे केल्या. मी सवयीनं म्हणालो, "नको, नको."

"पाहा, पुन्हा नकोच म्हणून राह्यले," ती हसली.

मी दोन्ही हातांनी शिदोरी घेतली.