शिबिराची सुई आणि अण्णांच्या गोळ्या

माझ्या डॉक्टरीचा एकच पेशंट होता, आमचे वडील, अण्णा. (शिक्षण बी.कॉम., पण मेडिकलच्या दुकानात आठ महिने बिलं फाडल्याचा अनुभव दांडगा!)

अण्णा सातपूरच्या कारखान्यात लेथवर. संधिवातानं बोटं आखडायची, पण रोजच्या गोळ्यांवर काम निभत होतं. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात. त्या शनिवारी ते रिटायर होणार होते. शेवटच्या दिवशी आपलं मशीन आपल्या हातानं बंद करायचं, अशी त्यांच्या खात्यात रीत होती. अण्णा महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते.

त्याच आठवड्यात कॉलनीत काविळीच्या लसीचं शिबिर आलं. अण्णांचा बूस्टर राहिला होता.

"गोळ्या चालू असताना सुई चालेल का रे? डॉक्टरांना विचारू."

"त्यात काय विचारायचं, अण्णा? दोन औषधं अंगात भांडतात. आठवडाभर गोळ्या बंद."

शिबिरातल्या बाईंनी विचारलं, "काका, काही औषध घेता का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही." (गोळ्या सोमवारीच बंद केल्या होत्या; खोटं कुठे बोललो?)

शनिवारी सकाळी अण्णांना चहाचा कप धरवेना. मग अंथरुणातून उठवेना. मी लसीच्या नावानं बोटं मोडत डॉक्टरांना घेऊन आलो.

"लसीचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी."

"तुम्ही काय शिकलाय?"

"बी.कॉम."

"या गोळ्या अशा एकाएकी तोडायच्या नसतात. लसीचं मला विचारायला काय झालं होतं? दोन मिनिटांचं काम."

त्यांनी औषध पुन्हा सुरू केलं, पण संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत अण्णांना उभं राहणं शक्य नव्हतं. अण्णांनी आपल्या जागी मलाच कारखान्यात पाठवलं. मशीन फोरमननं बंद केलं. एवढंसं लाल बटण, एका बोटाचं काम. तेवढंही मी अण्णांना करू दिलं नाही, याची खंत अजून जात नाही.

शाल माझ्याच खांद्यावर पडली, नारळ माझ्याच हातात आला. मग अण्णांनी आधीच लिहून ठेवलेलं भाषण मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, "प्रकृतीची मला चिंता नाही, माझी औषधं माझा मुलगा बघतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "सगळं वाचलंस?"

"सगळं."

"शेवटची ओळ गाळायचीस रे," म्हणत त्यांनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या उशाखाली सरकवला.

अशा रीतीनं मीही डॉक्टरीतून रिटायर झालो. शाल खांद्यावर होतीच.