समोर काढलेली धार

कुठल्या वस्तूला चार पैसे जास्त मोजावेत आणि कुठल्या वस्तूला मोजू नयेत, याबाबतीत माझं मत पक्कं आहे. नवा संसार मांडणाऱ्या मुली विचारतात तेव्हा मी एका दमात सांगते. सुया चांगल्या घ्या. स्वस्तातली सुई पावसाळ्यात गंजते आणि चांगल्या कापडाला डाग पाडते. स्टोव्हच्या पंपाचा वॉशर जाड चामड्याचा बघून घ्या. छत्रीचं कापड बघू नका, काड्या बघा. चपलेला टाका दुहेरी असावा, वर नक्षी नसली तरी चालेल. गुळाच्या रंगाला मात्र जास्त पैसे देऊ नका. पिवळाधमक गूळ पाहुण्यांना दाखवायला बरा, पोळीला काळपटच चांगला. लोकर भारीतलीच घ्या, कारण ती उसवून पुन्हा विणता येते.

आणि दूध समोर काढलेलं घ्या.

इथवर मी भरभर सांगते. दुधापाशी आले की कोणी ना कोणी विचारतंच, "समोर काढलेलं म्हणजे?" मग मी विषय बदलते. आज बदलणार नाही.

आमच्या लहानपणी कोल्हापुरात दूध दोन प्रकारे मिळायचं. सकाळी रतीबाचं दूध दारात यायचं. त्यात दूध किती आणि पाणी किती, ते गवळ्यालाच ठाऊक. दुसरं कट्ट्यावरचं. संध्याकाळी दिवे लागले की गवळी म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यापाशी यायचे. आपण पेला घेऊन उभं राहायचं. आपल्या डोळ्यांदेखत धार काढली जायची आणि फेसासकट कोमट पेला हातात यायचा. हे दूध चांगलंच महाग पडे. तालमीतून घाम पुसत आलेले पैलवान तिथे मोठाले पेले रिचवत. आमच्यासारखी कारकुनाच्या घरातली माणसं सहसा तिकडे फिरकत नसत. आम्ही गेलो ते माझ्या भावामुळे.

भाऊ माझ्याहून दीडेक वर्षानं मोठा, पण उंचीला आम्ही सारखेच. एका पावसाळ्यात दोघांनाही टायफॉइड झाला. मी आधी उठले. माझे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा आईनं न्हाव्याला घरी बोलावून ते मुलासारखे बारीक कापून घेतले. भाऊ मागून उठला, तो अगदी कडबा होऊन. डॉक्टर म्हणाले, दूध द्या, पण निर्भेळ द्या. वडिलांनी आईला सांगितलं, "कट्ट्यावर ने त्याला. बाकीचं मी बघतो."

मग रोज दिवेलागणीला आई त्याचा हात धरून कट्ट्यावर जायला लागली. आजारी माणसाचं दूध एकाच म्हशीचं असावं, अधूनमधून बदलू नये, असं शेजारच्यांनी सांगितलं होतं. म्हणून एका वयस्क गवळणीची, कपाळावर पांढरा चांद असलेली म्हैस ठरली. थंडी सुरू होणार म्हणून आईनं भावाला विटकरी रंगाचा स्वेटर विणला. लोकर भारीतली, आणि माप वाढत्या अंगाचं. बाह्या दोनदा दुमडाव्या लागत. मी कधीमधी सोबत जायची.

तिथे एक पैलवान असायचा. भला मोठा गडी, कुस्तीनं कान चेपून पार गाठोडी झालेले. भावाच्या ओठावर फेस लागला की तो म्हणायचा, "काय पैलवान, मिशी फुटली की. आता लंगोट शिवायला टाकूया का?" भाऊ लाजत दंड पुढं करायचा. पैलवान दोन बोटांत तो काडीसारखा दंड धरून बाकीच्यांना सांगायचा, "हात लावून बघा. लोखंड हाय, लोखंड."

दिवाळीच्या तोंडावर टायफॉइड उलटला आणि भाऊ गेला.

पैलवान तेव्हा कुस्त्यांसाठी गावोगावच्या जत्रांना गेलेला होता. त्याला हे कळलं नाही.

आईनं अंथरूण धरलं नाही. ती पहाटे उठायची, स्वयंपाक करायची, वडिलांचा डबा भरायची. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं तिनं बंद केलं. देवळात नाही, शेजारी नाही, भाजीलासुद्धा नाही. बोलायची तेही कामापुरतं, आणि आवाज असा, की कुणीतरी पलीकडच्या खोलीतून बोलतंय असं वाटावं. वडील संध्याकाळी आले की दारातूनच तिच्याकडे बघायचे आणि मग चपला काढायचे.

एकदा दिवे लागताना ती अचानक उठली. पदर सारखा केला, फडताळातला भावाचा पेला घेतला आणि मला म्हणाली, "चल." बाहेर गारवा होता. माझा स्वेटर ट्रंकेत तळाला होता, त्याचा खुंटीवर. तिनं खुंटीवरचा काढून माझ्या डोक्यातून घातला. खाली पट्ट्यांचा लेंगा होता. एकाच ताग्यातून आम्हा दोघांना शिवलेला.

कट्ट्यावर गवळणीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा रतीब आमच्याच गल्लीत असल्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हशीखाली बसली. पहिली धार रिकाम्या पेल्याच्या तळावर कर्कश वाजते. फेस चढला की आवाज मऊ होत जातो आणि शेवटी ऐकूच येत नाही. पेला माझ्या हातात आला. मी प्यायले. त्या रात्री आई ताटावर नीट बसून जेवली. वडिलांनी ते पाहिलं.

तेव्हापासून आम्ही रोज जायला लागलो. वडील आल्या आल्या विचारायचे, "दुधाला जाऊन आलात ना?" त्या दुधाचे पैसे देताना ते कधी कुरकुरले नाहीत. घरात दूध पिऊन सुधारावं असं कोणी आजारी उरलं नव्हतं. तरीही वडिलांच्या दृष्टीनं तो खर्च योग्य होता, कारण तेवढ्या एका गोष्टीसाठी आई पायात चपला घालत होती.

मग पैलवान जत्रांहून परत आला.

माझ्या डोक्यावर मागून एक जड पंजा पडला. "काय पैलवान. बरा झालास न्हवं?"

कट्ट्यावर उजेड बेताचाच. माझे केस बारीक, अंगात तो स्वेटर, हातात तो पेला. मी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "हो. बरा आहे आता."

ती हे अगदी साधं बोलली. पलीकडच्या खोलीतून नव्हे. दिवाळीपासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. पैलवान म्हणाला, "दंड बघू." मी दंड पुढं केला. त्यानं दोन बोटांत धरला. "जरा उतरलास गड्या. पी, अजून पी."

गवळण तेवढ्यात म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सर तिकडं. पोराला पिऊ दे निवांत."

त्या संध्याकाळपासून चौकात असेपर्यंत मी तो असायची. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. पेला तो दोन्ही हातांनी धरायचा, तसा मी धरायला लागले. हसताना तो ओठ मिटून घ्यायचा; मीही मिटून घ्यायची. जाताना आई मला तिच्या डाव्या हाताला घ्यायची, कारण तो त्या बाजूनं चालायचा. परतताना चढाच्या वळणावर ती पावलं हळू करायची, कारण तिथे त्याला धाप लागायची. मला काही होत नव्हतं. पण रोज तिथे थांबून थांबून, पुढे पुढे मलाही त्या वळणावर खरोखरच धाप लागायला लागली. घरी आलं की आई स्वेटर उतरवून खुंटीला अडकवायची आणि जेवायला मला माझ्या नावानं हाक मारायची.

मला दोन्हीची भीती वाटायची. खरं बोलले असते तर आई पुन्हा घरात बसली असती. नाही बोलले तर एक दिवस ती जेवायलाही त्याच्याच नावानं हाक मारेल, असं वाटायचं. आणि आपण ओ देऊ, असंही.

माझे केस कानांवर आले, तेव्हा आईनं पुन्हा न्हाव्याला बोलावलं. वडील म्हणाले, "आता वाढू दे की तिचे."

"अजून कच्चे आहेत," आई म्हणाली.

केस गळायचे केव्हाच थांबले होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. न्हाव्यानं वाटी मागितली आणि माझी मान खाली दाबली.

थंडी सरत आली असताना एका संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर गेलो, तर म्हशीच्या पुढ्यात रेडकू उभं होतं. ते खांबाला टेकून उभं होतं आणि हलत नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. पायांच्या जागी बांबूच्या काठ्या होत्या. पोटावर सुतळीचे टाके होते आणि टाक्यांतून पेंढा बाहेर आला होता. तिचं रेडकू मेलं होतं. गवळ्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवलं होतं. म्हैस त्याची मान चाटत होती. चाटून चाटून तेवढी जागा ओली, काळी झाली होती.

"मावशी, काय बनवलंयसा म्हशीला," पैलवान म्हणाला. "पेंढा चाटतीय की बिचारी."

"बनती व्हय ती?" गवळण धार काढता काढता म्हणाली. "वास कळत न्हाय व्हय तिला? समदं कळतंय. पर कास भरली की ठणकतीया, आन ह्ये फुडं असलं की पान्हा सोडतीया. तिचंबी भागतंय, माजंबी भागतंय."

"किती दिस चालायचं ह्ये?"

"कातडं टिकंल तवर."

कोणीतरी हसलं. स्वेटरच्या दुमडलेल्या बाह्या सुटून माझ्या बोटांवर आल्या होत्या. मी त्या वर केल्या नाहीत. आई त्या रेडकाकडे बघत होती. नंतर तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी बाह्यांकडे, मग केसांकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे.

पेला भरला. गवळणीनं तो माझ्यापुढं धरला. आईनं मध्येच हात घालून तो घेतला.

"द्या की वैनी," पैलवान म्हणाला. "पैलवानाचा फेस मोडाय लागलाय."

"हा तो नाही," आई म्हणाली. "ही त्याची बहीण. तो गेला. दिवाळीच्या आधीच गेला."

म्हशीच्या जिभेचा खरखर आवाज तेवढा येत होता. पैलवानानं माझ्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच राहिला होता. तो त्यानं खाली घेतला आणि धोतराला पुसला.

"मग मी रोज..."

"हो," आई म्हणाली. "तुमची काही चूक नाही."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस, त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. "नाव काय बाळ तुजं?"

मी सांगितलं, पण आवाज फुटला नाही. तेव्हा आईनं सांगितलं. मोठ्यानं, सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं.

मग तिनं मला विचारलं, "तुला हवंय का दूध?" इतक्या दिवसांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी मान हलवली. नको. आई पुरुषांकडे पाठ करून उभी राहिली आणि तो पेला तिनं स्वतः, एका दमात संपवला. तिच्या ओठावर फेस राहिला होता. तो पदरानं पुसून तिनं गवळणीला सांगितलं, "उद्यापासून नको."

"बरं," गवळण म्हणाली. "सावकाश जावा."

चढाच्या वळणावर आई थांबली नाही. मला धाप लागली होती, तरी मी तिच्याबरोबर चालत राहिले.

पुढचं सगळं नीट झालं. आईनं तो स्वेटर उसवला, लोकर धुऊन, लड्या करून दोरीवर वाळत घातली. ती मला पुरली असती, तरी महाद्वार रोडला स्वतः जाऊन तिनं काठासाठी पांढरी लोकर आणली, तीही भारीतली. माझा स्वेटर तिनं बेतून, अगदी माझ्या मापाचा विणला. माझे केस वाढले. आई देवळात जायला लागली, भाजीला जायला लागली, शेजारणींशी भांडायलाही लागली. वडिलांनी दुधाबद्दल विचारणं बंद केलं.

चांगली वस्तू टिकते म्हणून तिला जास्त पैसे द्यावेत, हे मी सगळ्यांना सांगते. ती लोकर अजून शाबूत आहे. हिवाळ्यात ट्रंक उघडली की विटकरी भागाला मी आधी हात लावत नाही. पांढरा काठ धरून बाहेर काढते.

लोक म्हणतील, बरं झालं आई बोलली. मीही तसंच म्हणते. तरी एक गोष्ट मला सोडत नाही. तो गेल्यावरही त्या थंडीत, रोज संध्याकाळी, त्याला कोणीतरी हाक मारत होतं. त्याची तब्येत विचारत होतं, अजून पी म्हणत होतं. माझं नाव सगळ्या कट्ट्यानं ऐकलं, आणि त्यानंतर त्याला हाक मारणारं कोणी राहिलं नाही.

आमच्या गावात कोणीही कोणालाही "काय पैलवान" म्हणतं. पोराला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला. दिवेलागणीला पिशवी घेऊन चौकातून येताना मागून ती हाक ऐकू येते. ती आपल्याला नाही, हे मला कळतं. तरी मी दर वेळी मागं वळते.