सारजाबाईचा हुकमाचा एक्का

बिरू तीन पानी खेळण्यात दंग असताना लांडग्याने दोन कोकरं नेली, त्या दिवशी सारजाबाईने नवऱ्याचे पत्ते चुलीत घातले. गुंजवण्याच्या वरच्या वाडीत त्यांच्या घरात पुन्हा कधी पत्ता शिरला नाही. बाईच्या जिभेवर मात्र पत्त्यांचंच राज्य. सून माहेरी जाते म्हणाली, की “हिनं डाव टाकला,” आणि पाऊस हुकला, की “पानं उलटी पडली.”

नात प्रगती कॉलेजात शिकते. ती हसायची. “आज्जे, इंग्रजीतबी असंच हाय. जल्मात पत्त्याला हात न लावलेली माणसं ‘ट्रम्प कार्ड’ म्हणत्यात.”

“पत्तं जाळता येत्यात गं, बोलणं कसं जाळावं?”

राधी ही सारजाबाईची लाडकी मेंढी, कळप तिच्याच मागे चालायचा. बाकी सगळ्यांच्या कानाला खूण कापलेली. राधीच्या कानावर कात्री चालवायला बाईचा जीव धजला नाही. ती चूक आता नडली. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले आणि राधी वाडीतल्याच चिमाजीच्या कळपात गेली. तिचं तान्हं कोकरू घरी राहिलं. चिमाजी मेंढी सोडेना. “वैनी, खूण दावा आन् न्या.”

देवळापुढे चार माणसं जमली. निवाड्याला म्हातारे आनंदराव बसले. सारजाबाईने राधीला हाक मारली. राधी ढिम्म. चिमाजी गालात हसला.

“माझी न्हाई ठरली, तर आणिक दोन मेंढ्या न्या भावजी,” सारजाबाई म्हणाली.

बिरूने तिचा पदर ओढला. “अगं, पणाला काय लावतीस?”

बाईने घोंगडी बाजूला केली. आत राधीचं कोकरू होतं. पण तिने आधी चिमाजीचं एक कोकरू राधीकडे सोडायला लावलं. राधीने त्याला ढुशी दिली. मग आपलं सोडलं. राधीने ते हुंगलं, पाय फाकवून उभी राहिली आणि कोकरू शेपूट हलवत लुचू लागलं. परक्या पोराला मेंढी पाजत नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“न्या वैनी,” चिमाजी खाली बघत म्हणाला.

सारजाबाईचा ऊर आनंदाने भरून आला. राधी पुढे, आपण मागे, अशी ती भर वाडीतून ताठ मानेने निघाली.

“हुकमाचा एक्का घोंगडीत दडवला व्हता व्हय,” बिरू कौतुकाने म्हणाला.

“घरात पत्त्याचं नाव काढायचं न्हाई,” सारजाबाई म्हणाली, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटली.