निळ्या गाडीची जागा

जो माणूस वस्तू जपतो, तोच माणसं जपू शकतो. हे माझ्या वडिलांचं तत्त्व आहे, आणि त्यातल्या पहिल्या भागावर त्यांनी आयुष्यभर निष्ठेनं काम केलं. दुसऱ्या भागाला सवड झाली नाही.

ते अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि ओरखडा दिसला की लाल डब्यात टाकायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी निळी गाडी घेतली आणि साऱ्या जगाकडे त्याच नजरेनं पाहू लागले. अडचण एवढीच, की जगाला पुरेल असा लाल डबा मिळत नव्हता.

गाडी लावण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. मॉलमध्ये खांबाच्या कडेला लावायची, म्हणजे एक बाजू सुरक्षित. दुसऱ्या बाजूला नवी गाडी असावी, कारण नव्या गाडीचा मालक दार जपून उघडतो. लहान मुलं उतरत असतील तिथून लगेच पुढं जायचं. जांभळाखाली तर कधीच नाही. आम्ही सिनेमाला गेलो की मध्यंतरात ते तळघरात जाऊन गाडी पाहून यायचे. परत येईपर्यंत सिनेमा बराच पुढं गेलेला असायचा.

"काय झालं?" ते कुजबुजत.

"तिकडं काय झालं ते सांगा," आई म्हणायची. "इकडं नेहमीचंच."

गाडी मागं घेताना बाहेर उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं काम आईचं. माझ्या अंतराच्या अंदाजावर वडिलांचा विश्वास नव्हता. गुडघे दुखायला लागल्यावर आईनं एकदाच सुचवलं होतं, की मला आधी दाराशी उतरवा आणि मग गाडी लावा. वडील म्हणाले, "मग मागं बघणार कोण?" आई पुन्हा गाडीमागं जाऊन उभी राहिली.

मावशी गेली तेव्हा तिची मुलगी अगदी लहान होती. ती आमच्याच घरी वाढली. तिची वेणी, तिचे ताप, तिची दहावी, सगळं आईनं काढलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा कन्यादानाला कोण बसणार हा प्रश्न आला. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे विधुर बाप एकटा बसू शकत नाही, जोडपंच लागतं. मुलीचे वडील स्वतः घरी आले आणि आईला म्हणाले, "ताई, तुम्ही दोघंच बसा. ती तुमचीच आहे." आईनं मान हलवली, आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्यानंतर ती रोज दुपारी जमिनीवर बसून उठायचा सराव करायची. पाटावर बसायचं होतं.

लग्न औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर होतं. दाट तिथ असल्यामुळं शेजारच्या लॉन्सवरही लग्नं होती. फाटकातला वॉचमन म्हणाला, "काका, हितंच लावा की, मांडव जवळ हाय." वडिलांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि गाडी थेट पलीकडच्या टोकाला नेली. तिथं कुंपणालगत चुन्याच्या रेघा मारलेला लांबलचक पट्टा पूर्ण रिकामा होता. अशा गर्दीच्या दिवशी सगळ्यांत चांगली जागा रिकामी का असावी, हा प्रश्न वडिलांना पडला नाही. त्यांनी गाडी जरा तिरकी लावली, म्हणजे शेजारी कुणी येणार नाही. आई पैठणीचा घोळ हातात धरून धुळीत उभी होती आणि म्हणत होती, "येऊ द्या, येऊ द्या." मग ती मांडवापर्यंत चालत आली.

लग्न चक्क वेळेवर लागलं, कारण आलेल्या नेत्यांना पुढची लग्नं गाठायची होती. त्यांनी माईकवरून पाणीपुरवठ्याबद्दल सांगितलं, ओघात वधूवरांना आशीर्वाद दिले, अक्षता पडल्या आणि ते निघाले. इकडे विधी सुरू झाले. माझ्या खांद्याला धरून आई पाटावर बसली. शेजारी वडील. गुरुजींनी पळी उचलली आणि माईक पुन्हा बोलला.

"निळ्या रंगाची गाडी, एमएच पंधरा! साहेबांचा ताफा अडकलेला आहे. मालकानं ताबडतोब गाडी काढावी, नाहीतर कार्यकर्ते उचलून बाजूला ठेवतील!"

उचलून हा शब्द ऐकताच वडील उभे राहिले.

"अहो, चावी द्या ना कुणाकडं तरी," आई म्हणाली.

"कुणाकडं देऊ? सायकल आहे का ती? आलोच."

गुरुजी थांबले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. नवऱ्याकडची मंडळी देवळ्याची. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "लय वेळ झाला बाई. बसवा कुणालाबी." गुरुजी आईकडे वळले. "ताई, जोडीशिवाय संकल्प होत नाही. काय करू?"

मुलीचे चुलते-चुलती पुढं आले. चुलती म्हणाली, "ताई, मी नको म्हणत होते हो." आईनं दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कुणाचाही आधार न घेता उठली. सरावाचा उपयोग झाला. मुलगी वर पाहत होती. आईनं तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि मागं होऊन बायकांत उभी राहिली.

वडील आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "साहेब मागच्या फाटकानं केव्हाच गेले म्हणे. पण बरंच झालं. भटारखान्यामागं भिंतीकडेची जागा मिळाली, शोधावी लागली जरा." मग त्यांचं लक्ष पाटांकडे गेलं. तिथं दुसरीच माणसं हात जोडून बसली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तिकडं काय झालं ते सांगा," आई म्हणाली. "इकडं नेहमीचंच."

ती वऱ्हाडाच्या बसनं घरी आली. भाचीकडे आता रिक्षानं जाते, आणि रिक्षावाला तिला अगदी दाराशी उतरवतो. वडील रोज सकाळी मऊ फडक्यानं गाडी पुसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, की इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही. ते खरंच आहे. आईच्या बाजूचं पुढचं डावं दार तेवढं वापर नसल्यामुळं जाम झालंय.