भारतात आपला नंबर

बडनेरा स्टेशनवर मला निरोप द्यायला बाबा गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी पोचले, कारण त्या दिवशी अकोल्याशी मॅच होती. बाबा अमरावतीच्या एका कॉलेजात ग्राउंडचे शिपाई. बास्केटबॉलचं कोर्ट झाडायचं, फक्कीनं रेषा आखायच्या, रिंगच्या जाळ्या बदलायच्या ही त्यांची नोकरी, आणि मॅच संपेपर्यंत तिथून हलायचं नाही हा त्यांचा हट्ट. आई कधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच, आणि एकुलता एक मुलगा दुबईला चाललेला. तर बापाचं निरोपाचं वाक्य काय, तर "सहा पॉइंटनं हाणलं त्यायले. आता तू बिनघोर जाय." मीही बिनघोर गेलो. साल चौऱ्याण्णव.

मी कधी खेळलो नाही, उंचीच तेवढी नव्हती. पण आमच्या कॉलेजची एकही मॅच चुकवली नाही. अकोल्याच्या एका कॉलेजशी आमचं जे वैर होतं त्याला काही कारण नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. शिवाय बाबांची यादी होती. देशातल्या कॉलेजांची क्रमवारी कुणी लावत असलं तर आम्हाला ठाऊक नव्हतं, मग बाबांनी ती स्वतःच लावायला घेतली. विद्यापीठाच्या संघात आपली चार पोरं, तो संघ पंजाबवाल्यांशी आठ पॉइंटनं हरला, पंजाबवाले मद्रासकडून हरले, म्हणजे भारतात आपण सहावे. अकोला नेहमी आपल्या खाली. हा हिशेब चुकीचा आहे असं फक्त अकोल्याचे लोक म्हणत.

दुबईला उतरलो आणि शेजारच्या शारजात एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर झालो. सकाळी बसमध्ये चढणारी माणसं मोजायची, संध्याकाळी उतरणारी मोजायची. पासपोर्ट कंपनीकडे आणि रजेचा अर्ज आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पच्या बॉसच्या ड्रॉवरमध्ये. विचारलं की तो "इन्शाल्ला", देवाची इच्छा असेल तर, म्हणायचा, आणि दोनचार महिन्यांत मला त्या शब्दाचा तिथला अर्थ कळला. शुक्रवारी कॅम्पमधले फिलिपिनो एका पत्र्याच्या बोर्डावर बास्केटबॉल खेळत. मी कडेला उभा राहून चुका सांगायचो, तर म्हणायचे, "यल्ला, तुम आओ, खेलो." त्यांच्यातल्या एकाचा भाऊ अमेरिकेतून कॉलेजच्या मॅचच्या कॅसेटी पाठवायचा. तिथं पडद्यावर कॉलेजच्या नावाआधी त्याचा देशातला नंबर लिहितात, आणि तो दर आठवड्याला बदलतो. हे बघून मी उडालोच. त्याच दिवशी बाबांना लिहिलं, की अख्खी अमेरिका तुमच्यासारखं करते.

तेव्हापासून बाबांची पत्रं बदलली. आधी तब्येत, पाणी, शेजारपाजार असायचं. आता पहिली ओळच "भारतात आपण या महिन्यात सातवे" अशी. खाली मॅचचं वर्णन, कोण पडला, कोणाला रेफ्रीनं फसवलं. अकोला अकरावर, मग चौदावर. पुढच्या वर्षी आपण पाचवे, त्याच्या पुढं चौथे. मी ती पत्रं इतकी वाचली की घड्यांवर फाटली. तुमच्यापैकी जे आखातात राहिले त्यांना सांगायला नको, कॅम्पमध्ये माणूस कशाच्या जोरावर उठतो. कोण मुलाच्या फोटोवर, कोण बांधायच्या घरावर. मी चौथ्या नंबरावर उठायचो. एकदा रजा मिळू दे, बाबांच्या शेजारी त्या कोर्टाच्या कडेला बसायचंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अठ्ठ्याण्णवात आमच्या स्टोअरला गावंडे नावाचा माणूस आला. अकोल्याचा, आणि त्याच कॉलेजचा. पहिल्या जेवणाला आमची जुंपली. मी म्हटलं, आम्ही चौथे, तुम्ही चौदावे.

तो हसला. "कुठचे चौथे? तुमची टीम तर बंद झाली ना भाऊ. कोर्टावर फार्मसीची बिल्डिंग झाली. तीन वर्सं झाले."

अकोल्याचा माणूस, तो असंच बोलणार. मी खोलीतून पत्रांचा गठ्ठा आणला आणि त्याच्या ताटाशेजारी आपटला. वर सांगितलं, माझे वडील तिथं ग्राउंडवर आहेत, त्यांनी स्वतः लिहिलंय. त्यानं दोन पत्रं वाचली. तिसरं अर्धं वाचून घडी घातली आणि पुन्हा गठ्ठ्यात नीट ठेवलं.

"असन बाप्पा," तो हळूच म्हणाला. "नवी टीम काढली असन. चौथे असान तुमी."

तेव्हा मला कळलं. अकोल्याच्या कॉलेजचा कुठलाही माणूस आम्हाला चौथं म्हणणार नाही. आम्ही खरोखर चौथे असतो तरी म्हणाला नसता.

त्या शुक्रवारी मी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि बाबांना बोलावून घेतलं. आजही वाटतं, लाइन लागायला नको होती.

"बाबा, टीम बंद झाली काय?"

"कोणं सांगितलं तुले? अकोल्याचा असन."

"तुमी काय करता मग तिथं?"

"गेटावर बसवलं मले." मग म्हणाले, "तुले तिकडं काही तरी पायजे ना रे वाचाले."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी फसवलो गेलो होतो ना, मला राग आला होता. मी म्हणालो, "मले येडा समजता काय?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर पत्रं आली, पण पोस्टकार्डं. तब्येत बरी आहे. पाणी एक दिवसाआड येतं. मी माफी मागितली, मग गयावया केली. लिहिलं, बाबा, काहीही लिहा, नंबर लिहा, अकोल्याला शिव्या द्या. उत्तर आलं, तब्येत बरी आहे. दोन हजार एकला रजा मिळाली. पंधरा दिवस आम्ही समोरासमोर बसलो. ते बाजारात जाताना कॉलेजचा रस्ता टाळून लांबून जायचे, मी मागून चालायचो. एकदाही विषय निघाला नाही. दोन वर्षांनी ते गेले. तेव्हाही अर्ज ड्रॉवरमध्येच होता, मी पोचलो तो तेराव्याला.

आता बायको-मुलगी इथंच शारजात आहेत. गावाला जायचं का विचारलं तर मुलगी म्हणते, "बाबा, व्हॉट इज देअर टू डू देअर?" तिचं चुकत नाही. फोन केला की चुलतभाऊ सांगतो, घराची भिंत खचली, विकून टाक, तुझ्या न येण्यानं इथं काही अडत नाही. त्याचंही चुकत नाही. माझ्यासाठी बसून कुणीतरी खोटं रचत होतं, तोवर मला घर होतं. आता माझ्याशी सगळे खरं बोलतात.